तळकोकणाचा कौल

४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा देशाचा हिशेब एका ओळीत सांगता येत होता: भाजपला २४० जागा, त्याच्या आघाडीला २९३, विरोधी ‘इंडिया’ आघाडीला २३४. महाराष्ट्राचा हिशेबही तसाच आटोपशीर होता. ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७ आणि सांगलीत एक अपक्ष. राज्याचा कौल महायुतीच्या विरोधात गेला, असं त्या दिवशी सगळीकडे म्हटलं गेलं आणि ते खरंही होतं.

कोकणात मात्र चित्र उलटं होतं. मुंबई बाजूला ठेवली तर पालघरपासून बांद्यापर्यंतच्या पट्ट्यात लोकसभेच्या सहा जागा आहेत. त्यांतल्या पालघर, ठाणे, कल्याण, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या पाच महायुतीने जिंकल्या. फक्त भिवंडी महाविकास आघाडीकडे गेली. राज्यात महायुतीला मिळालेल्या १७ जागांपैकी पाच या एका पट्ट्यातल्या होत्या.

या गोष्टीचा विचार करायला कणकवली तालुक्यातलं नांदगाव ही योग्य जागा आहे. मुंबई-गोवा महामार्गावरचा नांदगाव तिठा कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्यांना ठाऊक असतो. देवगडकडे जाणारी गाडी इथेच महामार्ग सोडते. कोकण रेल्वेवर वैभववाडी आणि कणकवलीच्या मध्ये ‘नांदगाव रोड’ हे स्टेशन लागतं. हे गाव येतं रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात. तिथे भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले. इथून फोंडाघाट चढून वर गेलं की दाजीपूर आणि पुढे राधानगरी. राधानगरी येते कोल्हापूर मतदारसंघात आणि तिथे त्याच दिवशी काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकले. दक्षिणेला गोव्यात उतरलं तर उत्तर गोवा भाजपकडे, दक्षिण गोवा काँग्रेसकडे. म्हणजे नांदगावातून अर्ध्या दिवसाच्या प्रवासात एकाच राष्ट्रीय निवडणुकीत चार मतदारसंघांनी दिलेले दोन वेगवेगळे कौल दिसतात.

महाराष्ट्रात दुसरंही एक नांदगाव आहे, नाशिक जिल्ह्यातलं. ते दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं. तिथे प्रश्न कांद्याचा होता. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४च्या सुरुवातीला, मतदान तोंडावर आलं असताना, ती बंदी उठली. तोवर शेतकऱ्याचा कांदा पडत्या भावात विकून झाला होता. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार तिथे १,१३,१९९ मतांनी पराभूत झाल्या आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे निवडून आले. आंबा, काजू आणि मासळीवर जगणाऱ्या सिंधुदुर्गातल्या नांदगावात त्या बंदीची झळ शेताच्या बांधापर्यंत पोचलीच नव्हती.

राष्ट्रीय निवडणूक एक असते, पण ती लढवली जाते ५४३ ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणचा मतदार आपल्या इतिहासासह, आपल्या पोटापाण्याच्या चिंतेसह रांगेत उभा राहतो. तळकोकणाचा कौल हा देशाच्या कौलाची छोटी प्रत म्हणून वाचला, तर तो हमखास चुकीचा वाचला जातो. गेल्या सात दशकांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आठ निवडणुका विरोधात

१९५७ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या भरात झाली. तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन्ही जागा काँग्रेसने गमावल्या. उत्तरेकडच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजीभाई आशर आले. त्या वर्षी जनसंघाला देशभरात चारच जागा मिळाल्या होत्या आणि त्यांतली एक ही होती. दक्षिणेकडच्या राजापूर मतदारसंघातून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. २५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यात जन्मलेला हा माणूस तेव्हा पस्तिशीच्या आत होता.

संयुक्त महाराष्ट्र १९६०मध्ये मिळाला आणि आंदोलनाची लाट ओसरली. १९६२मध्ये महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्षाला राज्यात एकच जागा मिळाली, ती राजापूरची. १९६७मध्ये ४५ पैकी ३७ काँग्रेसकडे गेल्या. प्रजासमाजवाद्यांची पुन्हा एकच जागा, पुन्हा राजापूर, पुन्हा नाथ पै.

१७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी नाथ पैंनी भाषण केलं आणि १८ जानेवारीला त्यांचं निधन झालं. लोकसभा आधीच बरखास्त झाली होती. मार्चमध्ये मतदान होतं. इंदिरा गांधींच्या ‘गरिबी हटाओ’च्या घोषणेने देश भारला होता. अशा वेळी समाजवाद्यांनी राजापुरात उभं केलं प्रा. मधू दंडवते यांना. त्यांचा जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्याची. काँग्रेसने देशात ३५२ आणि महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा जिंकल्या. प्रजासमाजवादी पक्ष देशभर दोन जागांवर आला. एक बंगालमधली कंटाई, समर गुहांची. दुसरी राजापूर.

१९७७मध्ये आणीबाणीनंतर देशच फिरला. राजापूरने दंडवत्यांना निवडलं आणि ते जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. १९८०मध्ये इंदिरा गांधी परत आल्या, महाराष्ट्रात काँग्रेसला ३९ जागा मिळाल्या, राजापुरात दंडवते टिकले. खरी कसोटी लागली १९८४च्या डिसेंबरात. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या मतदानात महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. उरल्या पाच. त्यांत बारामतीचे शरद पवार होते, कुलाब्याचे दि. बा. पाटील होते, मुंबईत गिरणी संपाचे नेते दत्ता सामंत होते आणि राजापूरचे दंडवते होते. जनता पक्षाची राज्यातली ती एकुलती एक जागा. १९८९मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारात अर्थमंत्री झाले.

तीन वेळा नाथ पै, पाच वेळा दंडवते. सलग आठ निवडणुकांत, म्हणजे ३४ वर्षांत, या मतदारसंघातून काँग्रेसचा एकही खासदार दिल्लीला गेला नाही. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघात या काळात काँग्रेस अनेकदा जिंकली. १९६२ आणि १९६७मध्ये तिथून शारदा मुखर्जी निवडून आल्या होत्या. त्यामुळे ‘कोकण म्हणजे विरोधी पक्ष’ असं सरसकट सूत्रही लावता येत नाही. तळकोकणाचं काहीतरी वेगळं होतं.

हे कशामुळे झालं

पहिलं कारण जमिनीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची ताकद सहकारातून उभी राहिली. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था अशी साखळी गावोगाव पोचली. उसाची नोंद, कर्ज, मुलाची नोकरी या सगळ्यासाठी शेतकऱ्याचा संबंध त्याच साखळीशी यायचा. निवडणुकीत ती साखळीच प्रचाराला लागायची. कोकणात भातखाचरं लहान, जमीन तुकड्यातुकड्यांची, कातळ उघडा आणि पाऊस पडला तरी पाणी समुद्राकडे धावणारं. ऊस नाही, म्हणून कारखाना नाही आणि कारखाना नाही म्हणून त्याच्याभोवती उभं राहणारं राजकारणही नाही. सत्तेकडून मिळण्यासारखंच थोडं होतं, त्यामुळे सत्तेच्या बाजूने राहण्याचं बंधनही थोडं होतं.

दुसरं कारण मुंबई. तळकोकणातल्या घराघरातला कर्ता पुरुष लालबाग-परळच्या गिरणीत किंवा गोदीत असायचा. घर चालायचं मनिऑर्डरवर. गावाचं मंडळ मुंबईतल्या चाळीच्या खोलीत भरायचं. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, वाडीचा रस्ता यांचे निर्णय तिथे व्हायचे. त्या चाळींत कामगार चळवळ होती, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा होत्या. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा, तेव्हा पगाराच्या पैशांबरोबर तिथली मतंही घेऊन यायचा. म्हाताऱ्या आईवडिलांना मत कुणाला द्यायचं, हे अनेकदा मुंबईहून आलेल्या पत्रात असायचं.

तिसरं कारण माणसं. कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी आश्रम उभारला आणि स्वच्छतेपासून शेतीपर्यंत रचनात्मक कामाचा धडा घालून दिला. गावोगावचे शिक्षक, राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, वाचनालयं चालवणारी माणसं यांचं एक विरळ, पण निष्ठावान जाळं इथे होतं. पैशाच्या प्रचाराला ते तोंड देऊ शकत नव्हतं. पण संसदेत उत्तम बोलणारा माणूस पाठवणं ही आपल्या मुलखाची शान आहे, ही भावना त्याने रुजवली. नाथ पैंचं लोकसभेतलं भाषण ऐकायला सभागृह थांबायचं, याचा अभिमान ज्यांनी दिल्ली कधी पाहिली नव्हती अशा माणसांनाही होता. १९६७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात मूलभूत हक्कांबाबत निकाल दिला, तेव्हा घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारं खासगी विधेयक मांडलं ते राजापूरच्या या खासदाराने. ‘नाथ पै विधेयक’ म्हणून ते आजही घटनेच्या अभ्यासात शिकवलं जातं.

विरोधी खासदार निवडला, तर कामं होत नाहीत, असं प्रत्येक निवडणुकीत सांगितलं जातं. इथला अनुभव संमिश्र आहे. रस्ते, पाणी, वीज यांच्यासाठी तळकोकणाने फार वाट पाहिली, हे खरंच. पण कोकण रेल्वेची मागणी दिल्लीत जिवंत ठेवली ती याच काँग्रेसविरोधी खासदारांनी. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा ते रोहा या टप्प्याला चालना मिळाली. १९९०मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग बांधला गेला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्ण सुरू झाला. नांदगावच्या माणसाला रात्री दादरला गाडीत बसून सकाळी गावात उतरता येऊ लागलं, त्यामागे या मतदारसंघाने तीन दशकं दिलेल्या मतांचाही वाटा आहे.

लाल झेंड्याकडून भगव्याकडे

१९९१मध्ये ही परंपरा तुटली. राजीव गांधींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात मतदान झालं, काँग्रेसला ३८ जागा मिळाल्या आणि राजापुरात सैन्यातून राजकारणात आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. दंडवते हरले. सहानुभूती हे त्यामागचं एक कारण होतं, पण जमीन त्याआधीच सरकली होती. १९८२च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव उभं राहिलंच नाही. ज्या चाळींतून समाजवादी विचार कोकणात येत होता, त्या चाळींचाच आधार गेला. १९६६मध्ये स्थापन झालेली शिवसेना तोवर त्याच चाळींत शाखा-शाखांनी बसली होती. ज्या वाटेने एकेकाळी संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं गावी आली, त्याच वाटेने आता शिवसेना आली. १९९०मध्ये मालवणातून नारायण राणे शिवसेनेचे आमदार झाले.

१९९६मध्ये राजापुरातून शिवसेनेचे सुरेश प्रभू जिंकले आणि १९९८, १९९९, २००४ या तिन्ही निवडणुकांत त्यांनी जागा राखली. पेशाने सनदी लेखापाल असलेला, शांत बोलणारा हा उमेदवार पाहिला की एक गोष्ट लक्षात येते: पक्ष बदलला, तरी दिल्लीत छाप पाडणारा माणूस पाठवण्याची या मतदारसंघाची सवय बदलली नव्हती. वाजपेयी सरकारात प्रभूंनी पर्यावरण आणि ऊर्जा ही खाती सांभाळली. पुढे राज्यसभेतून जाऊन २०१४ ते २०१७ या काळात ते रेल्वेमंत्रीही झाले.

चार निवडणुका, दोन आडनावं, तीन चिन्हं

२००८च्या फेररचनेत राजापूर हा मतदारसंघ नकाशावरून गेला आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला. पहिले तीन रत्नागिरी जिल्ह्यातले, दुसरे तीन सिंधुदुर्गातले. नांदगाव कणकवलीत येतं. कणकवली, देवगड आणि वैभववाडी हे तालुके मिळून तो विधानसभा मतदारसंघ होतो. नव्या मतदारसंघाच्या पहिल्या चार निवडणुकांचे निकाल असे:

२००९: नीलेश राणे (काँग्रेस) ३,५३,९१५, सुरेश प्रभू (शिवसेना) ३,०७,१६५. फरक ४६,७५०.

२०१४: विनायक राऊत (शिवसेना) ४,९३,०८८, नीलेश राणे (काँग्रेस) ३,४३,०३७. फरक १,५०,०५१.

२०१९: विनायक राऊत (शिवसेना) ४,५८,०२२, नीलेश राणे (महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष) २,७९,७००. फरक १,७८,३२२.

२०२४: नारायण राणे (भाजप) ४,४८,५१४, विनायक राऊत (शिवसेना, उद्धव बाळासाहेब ठाकरे) ४,००,६५६. फरक ४७,८५८.

आकडे सावकाश वाचले तर बरंच सांगतात. २००९चा निकाल समजायला २००५ आठवावं लागतं. त्या वर्षी नीलेश यांचे वडील नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणची पोटनिवडणूक मोठ्या फरकाने जिंकले. एका नेत्याबरोबर शाखाप्रमुख, सरपंच आणि कार्यकर्त्यांची आख्खी फळी गेली. २०१४मध्ये मात्र मोदींची लाट आणि युतीची बेरीज यांनी ती फळी मागे टाकली. त्याच वर्षी विधानसभेला खुद्द नारायण राणे कुडाळमध्ये वैभव नाईकांकडून हरले. २०१९मध्ये काँग्रेसही वेगळी आणि राणेही वेगळे लढले, तेव्हा फरक आणखी वाढला.

आणि तरीही २०१९च्या पराभवातली २,७९,७०० मतं नीट पाहायला हवीत. नवा पक्ष, नवं चिन्ह, केंद्रात आणि राज्यात सत्ताधारी युती समोर, काँग्रेसही विरोधात. एवढं असून पावणेतीन लाखांहून जास्त मतदार राणे हे नाव पाहून बटण दाबतात. माणसाशी बांधलेली मतं कशी असतात, ते या आकड्यात दिसतं. लाट नसताना उरतं ते मत म्हणजे त्या नेत्याचा खरा पाया.

२०२४मध्ये या पायावर भाजपची मतं आली. २०१४ आणि २०१९मध्ये राऊतांना मिळालेल्या मतांत भाजपच्या मतदारांचा वाटा होताच. युती तुटली आणि २०२२मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा तो वाटा दुसऱ्या बाजूला गेला. रत्नागिरीचे उदय सामंत आणि सावंतवाडीचे दीपक केसरकर हे आमदार एकनाथ शिंद्यांबरोबर होते. उदय सामंतांचे बंधू किरण सामंत या जागेसाठी इच्छुक होते, पण अर्ज भरण्याची मुदत संपत आली असताना उमेदवारी भाजपच्या राण्यांना मिळाली. रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात लोकसभेला कमळ पहिल्यांदाच मतदान यंत्रावर आलं आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकलं.

राज्यात महाविकास आघाडीला ज्या गोष्टींनी हात दिला, त्या इथे नव्हत्या किंवा फार कमी होत्या. मराठवाड्याला ढवळून काढणारं मराठा आरक्षणाचं आंदोलन कोकणात त्या तीव्रतेने नव्हतं. कांदा, सोयाबीन, कापूस यांच्या भावाचा संताप नव्हता. राज्याला हलवणारी कारणं घाटावरची होती आणि ती घाटावरच राहिली.

एका मतदारसंघात दोन जिल्हे

विजेत्याचा फरक ४७,८५८ होता एवढंच पाहून थांबलो, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निसटते. मतमोजणी विधानसभानिहाय होते. प्रत्येक विधानसभा मतदारसंघाची टेबलं वेगळी, फेऱ्या वेगळ्या. साधारणपणे चौदा टेबलांवर एका फेरीत चौदा केंद्रांची यंत्रं उघडतात. २०१९पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्याही मोजून ताडून पाहतात.

२०२४च्या मोजणीत चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर या तिन्ही ठिकाणी राऊत पुढे होते. कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी या तिन्ही ठिकाणी राणे पुढे होते. मतदारसंघ जिल्ह्याच्या सीमेवर चिरल्यासारखा दुभंगला. रत्नागिरी जिल्ह्याने एक खासदार निवडला असता आणि सिंधुदुर्गाने दुसरा. सिंधुदुर्गातली आघाडी मोठी होती आणि तिच्यात कणकवलीचा वाटा सर्वांत मोठा होता, म्हणून राणे दिल्लीला गेले.

विशेष म्हणजे दोन्ही उमेदवार सिंधुदुर्गातलेच. राणे कणकवली तालुक्यातल्या वरवड्याचे, राऊत मालवण तालुक्यातले. त्यामुळे ‘आपल्या जिल्ह्याचा माणूस’ हे कारण पुरत नाही. उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेबद्दलची निष्ठा रत्नागिरीच्या ग्रामीण भागात घट्ट राहिली, तर सिंधुदुर्गात राण्यांची पस्तीस वर्षांची बांधणी वरचढ ठरली. राजापूर तालुक्यात आधी जैतापूरचा अणुप्रकल्प, मग नाणार आणि २०२३मध्ये बारसू इथला तेलशुद्धीकरण प्रकल्प यांवरून झालेल्या संघर्षाची सावलीही होती. एप्रिल २०११मध्ये जैतापूरविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला होता, ते त्या भागातली माणसं विसरलेली नाहीत.

पण इथेही घाईने सूत्र बांधू नये. अवघ्या साडेपाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४मध्ये, विधानसभेचे निकाल लागले आणि याच सहाही मतदारसंघांत महायुती जिंकली. चिपळूणला शेखर निकम, रत्नागिरीला उदय सामंत, राजापूरला किरण सामंत, कणकवलीला नितेश राणे, कुडाळला नीलेश राणे, सावंतवाडीला दीपक केसरकर. जूनमध्ये राऊतांना आघाडी देणाऱ्या राजापूरने नोव्हेंबरमध्ये सत्ताधारी उमेदवार निवडला. मतदार तेच होते. निवडणूक वेगळी होती, उमेदवार वेगळे होते, मधल्या काळात ‘लाडकी बहीण’ योजनेचे पैसे महिलांच्या खात्यात जमा झाले होते आणि स्थानिक आमदाराचं वजन लोकसभेपेक्षा विधानसभेला जास्त चालतं.

आकड्यांची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. २०१९च्या तुलनेत राण्यांच्या बाजूची मतं १,६८,८१४ने वाढली आणि राऊतांची ५७,३६६ने घटली. यावरून कुठल्या मतदाराने बाजू बदलली, ते सांगता येत नाही. मधल्या पाच वर्षांत काही माणसं वारली, काही नव्याने अठरा पूर्ण करून यादीत आली, काही आधी मुंबईहून मतदानाला येत नव्हती आणि आता आली. मतदान ७ मे रोजी होतं. तेव्हा शाळांना सुट्टी, आंब्याचा हंगाम आणि गावात चाकरमान्यांची वर्दळ असते. गठ्ठ्यांची बेरीज-वजाबाकी दिसते, माणसाच्या मनातला प्रवास दिसत नाही. जातीचे आणि धर्माचे हिशेब मांडून ‘अमुक समाजाने तमुकाला मत दिलं’ असं छातीठोक सांगणारी बहुतेक विश्लेषणं इथेच फसतात.

नांदगावचा आकडा कुठे सापडतो

मतपत्रिकांच्या काळात बराच काळ अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजल्या जात. कुठल्या वाडीने कुणाला मत दिलं, ते कळू नये आणि कुणाला त्याचा त्रास होऊ नये, हा त्यामागचा हेतू. मतदान यंत्रं आल्यावर प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा निघू लागला. मोजणी संपली की निवडणूक अधिकारी ‘नमुना २०’ नावाचं अंतिम निकालपत्रक तयार करतात आणि ते सार्वजनिक असतं. जिल्ह्याच्या आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं.

दिसायला तो अगदी कोरडा कागद असतो. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, मग प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, वैध मतांची बेरीज, ‘नोटा’ आणि एकूण. एका विधानसभा मतदारसंघात तीनशेच्या आसपास ओळी. केंद्राचा क्रमांक कुठल्या शाळेचा, ते मतदार यादीत पाहिलं की त्या ओळीला गाव आणि वाडी मिळते. अशा पत्रकात शेजारच्या दोन केंद्रांचे आकडे पूर्ण उलटे असलेले दिसतात. रस्त्याच्या अलीकडची वाडी एका बाजूला, पलीकडची दुसऱ्या. ही माहिती दुधारी आहे. मत न दिलेल्या वाडीचा रस्ता अडवायलाही ती वापरता येते. म्हणूनच अनेक केंद्रांची मतं एकत्र बेरजेने जाहीर करणारं ‘टोटलायझर’ यंत्र वापरावं, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने मांडला होता. तो अमलात आलेला नाही. ज्याच्या हातात निधी आहे, तो ही ओळ वाचतोच. मग नागरिकानेही ती वाचावी.

तळकोकणाच्या सत्तर वर्षांच्या निकालांतून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. हा मुलूख लाटेत वाहून गेला, असं क्वचितच घडलं. काँग्रेसच्या प्रचंड यशात तो समाजवादी राहिला, समाजवाद ओसरल्यावर मुंबईच्या वाटेने शिवसेनेचा झाला, नेता फुटला तेव्हा त्याच्यामागे अर्धा गेला, पक्ष फुटला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्याने वेगळा विचार केला. प्रत्येक वेळी कारण जवळचं होतं: जमीन, मनिऑर्डर, शाखा, माणूस. दिल्लीची घोषणा इथे पोचते, पण या चार गोष्टींतून गाळून.

म्हणून पुढच्या निकालाच्या दिवशी दूरचित्रवाणीवर देशाचा रंगीत नकाशा पाहून झाला की एक काम जरूर करा. आपल्या विधानसभा मतदारसंघाचा नमुना २० उतरवून घ्या, आपल्या केंद्राची ओळ शोधा आणि मागच्या दोन लोकसभा व दोन विधानसभा निवडणुकांच्या ओळी तिच्याखाली मांडा. आपल्या गावाने काय म्हटलं, ते त्या पाच ओळींत दिसेल. मग निवडून आलेल्या खासदाराला, तो आपल्या मताचा असो वा नसो, गावाचा प्रश्न घेऊन भेटा. खासदार आख्ख्या मतदारसंघाचा असतो, ज्या वाडीने त्याला मत दिलं नाही तिचाही.